एका पत्त्याची बारा घरं

"तक्रार तुमच्याच घरातून आली आहे," असं तांबोळी मॅडम म्हणाल्या तेव्हा कमल पाटणकरांना चक्क हसू आलं.

"हसताय काय बाई? नोटीस आहे ही."

"अहो मॅडम, तुम्ही इंटरनेटच्या जोडणीचा पत्ता बघितलात. त्या पत्त्यामागे या गुलमोहर बिल्डिंगमधली बाराच्या बारा घरं आहेत. बाहेरून बघणाऱ्याला ती एकच दिसतात. एकवीस वर्षं आयटीआयच्या पोरांना शिकवलंय मी हे."

"शिकवलं असेल," तांबोळी मॅडम कागद पुढे सरकवत म्हणाल्या. त्या लहरी-गोपनीयता कार्यालयातून आल्या होत्या, आणि दोन जिने चढून आल्याने घामाघूम झाल्या होत्या. "माझ्याकडे आहे तेवढं सांगते. तक्रारदाराचं नाव गुप्त. वेळ मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तक्रार अशी, की तुम्ही भिंतीपलीकडच्या माणसांचे श्वास मोजता. शुक्रवारी चार वाजता मी यंत्र सील करायला येईन. ज्याचा ज्याचा श्वास मोजला जातो, त्या प्रत्येकाची लेखी संमती तोवर आणलीत, तर यंत्र राहील."

त्या गेल्या आणि कमलताईंचं हसू मावळलं. यंत्र सील झालं तर अरविंदरावांना घरी ठेवता येणार नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं: एक तर हे यंत्र, नाहीतर हॉस्पिटलचा पलंग.

आता हे श्वासाचं लफडं सुरू कुठून झालं, तर टॉवरपासून. मिरजेतल्या या बिल्डिंगच्या गच्चीवर एके काळी मोबाइलचा टॉवर होता. त्याच्या लहरींनी डोकी दुखतात, असं कुणीतरी पहिल्या मजल्यावर म्हणालं आणि ते तिसऱ्यापर्यंत पोचायला एक दुपार पुरली. सह्या झाल्या, थाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आला आणि टॉवर गेला. डोकेदुखी काही थांबली नाही, फोन तेवढे थांबले. माणसं जिन्याच्या वळणावर हात उंच करून उभी राहायला लागली. तारेची जोडणी घ्यावी, तर कंपनी म्हणाली, या जुन्या भिंतींतून बारा तारा ओढायच्या नाहीत. एकच तार काय ती कमलताईंनी दोन वर्षं अर्ज करकरून आणलेली.

मग दोन हजार सदतीसच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून इंटरनेट लुटलं. खरंच लुटलं. बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे देतात, कंगवे देतात, साबणदाण्या देतात. कमलताईंनी भंगारातल्या राउटरमधून अकरा छोट्या डब्या तयार केल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तिळगुळासोबत पासवर्डची चिठ्ठी दिली. लहरी म्हटलं की कपाळाला हात लावणाऱ्या बायका त्या डब्या पदराखाली झाकून घरी घेऊन गेल्या. वाणाला नाही कोण म्हणणार?

या डब्यांच्या मुळाशी होता कमलताईंचा जुना, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर. त्यातलं वायरलेस कार्ड एरवी दुसऱ्याकडून इंटरनेट घेतं. त्यांनी दोन-चार ओळी लिहून त्याला उलटं वागायला लावलं, म्हणजे ते आता देऊ लागलं. एका बाजूने तार आत, दुसऱ्या बाजूने हवेत वाटप. बारा घरांमधून काहीही बाहेर गेलं की त्यावर पत्ता कमलताईंच्या जोडणीचाच लागायचा, आणि उत्तर परत आलं की मूळ मागणारा कोण, ते यंत्र आपल्या वहीत बघून ज्याचं त्याला पोचवायचं. एकत्र कुटुंबाचं टपाल एकाच पत्त्यावर येतं आणि घरातलं कुणीतरी ते वाटतं, तसंच.

इथवर सगळं छान होतं. पण एप्रिलमध्ये अरविंदरावांचं हृदय थकलं.

अरविंद पाटणकर एसटी स्टँडवर उद्घोषक होते. मिरज-पंढरपूर, मिरज-निपाणी, अठ्ठावीस वर्षं. आता चार वाक्यं सलग बोलले की त्यांना उशीला टेकावं लागे. झोपेत त्यांचा श्वास वीस-वीस, तीस-तीस सेकंद थांबायचा. चाळीसच्या पुढे गेला तर हलवून उठवायलाच हवं होतं. छातीला पट्टा बांधला, तो त्यांनी काढून फेकला. नाकाला नळी लावली, तीही. "मला असं खुंटीला बांधू नका," म्हणाले.

तेव्हा कमलताईंना आपल्या वाणाची आठवण झाली. वायरलेस कार्ड एक काम सतत करत असतं: आपली लहर समोर पोचेपर्यंत किती वाकडी झाली, हे मोजतं आणि पुढची लहर त्याप्रमाणे सुधारून पाठवतं. वाकडी होते ती वाटेतल्या वस्तूंमुळे, आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, ते लहरीला चांगलंच अडवतं. छाती अर्धा सेंटिमीटर वर उचलली तरी मोजमापात फरक पडतो. पूर्वीची कार्डं हे आकडे वापरून टाकून द्यायची. नवी कार्डं ते जपून ठेवतात, आणि त्या आकड्यांतून श्वास वाचणारी प्रणाली कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. ना पट्टा, ना नळी. माणूस आपला पलंगावर पडलेला, आणि शेजारच्या खोलीत पडद्यावर त्याच्या श्वासाची रेघ.

अडचण एकच होती. लहरींना भिंत कळत नाही. वरच्या मजल्यावरचा पंखा, समोरच्या घरातली शिवणाची मशीन, खाली झोपलेलं तान्हं बाळ, सगळं त्या एका रेघेत मिसळायचं. अरविंदरावांचा श्वास वेगळा काढायचा तर बाकीच्यांचे वजा करायला हवेत, आणि वजा करायचे तर आधी मोजायला हवेत. कमलताईंनी त्या अकरा डब्यांना मोजायला लावलं. घरबसल्या, चार ओळींत. कुणाला विचारलं नाही. नवऱ्याचा जीव होता, विचारतंय कोण?

सांगितलं फक्त शैलाला. शैला मगदूम समोरच्या दारात राहायची. ब्लाउज शिवायची, आणि सव्वीस वर्षांत दोघींनी एकमेकींपासून काही म्हणून लपवलं नव्हतं. कमलताईंनी तिला मोठ्या हौसेने पडदा दाखवला. "ही बघ, ही तू. काल जेवल्यावर तू कशी गाढ झोपलीस बघ."

शैलाचा चेहरा उतरला. "अगं कमल, मी वाण घेतलं होतं. पहारेकरी नव्हता घेतला."

"ह्यांच्यासाठी गं. तुझं मी कशाला बघू?"

"बघितलंस की आत्ता." ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "राहू दे. भाऊजींसाठी राहू दे. पण मला पुन्हा दाखवू नकोस."

हे झालं मे महिन्यात. आणि आता ऑगस्टमध्ये ही नोटीस. भिंतीपलीकडचे श्वास मोजले जातात हे ठाऊक होतं कुणाला? शैलाला. नापसंत होतं कुणाला? शैलाला. तरी कमलताई शिक्षिका होत्या, पुराव्याशिवाय बोट दाखवणाऱ्या नव्हत्या. त्या यंत्रासमोर बसल्या आणि मंगळवारच्या नोंदी त्यांनी उघडल्या.

तीन दहाला सरकारी फॉर्म बाहेर गेलेला दिसत होता. कोणत्या फोनवरून, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. हल्ली फोन रोज नवं खोटं नाव घेऊन येतात. पण तो फोन कोणत्या डबीमार्फत आला ते वहीत होतं: डबी क्रमांक सात. सात म्हणजे शैला.

कमलताईंनी तो आकडा तीनदा वाचला, तो सातच होता. तरी त्यांनी श्वासांच्या रेघा काढल्या. दुपारी तीन म्हणजे मिरजेत कुत्रंसुद्धा जागं नसतं. अख्खी बिल्डिंग झोपलेली: रेघा लांब, सावकाश, एकसारख्या. अकरा घरांत एकच माणूस जागं होतं. सात नंबरमध्ये.

त्या तिथून उठल्या त्या थेट समोरच्या दारात.

"शैला, बाहेर ये."

शैला सुई-दोरा हातात घेऊनच आली. "काय गं? भाऊजी बरे आहेत ना?"

"भाऊजी भाऊजी करू नकोस! त्यांनाच मारायला निघालीस. समोरासमोर भांडली असतीस, दोन शिव्या घातल्या असत्यास, चाललं असतं. माझं वाण घेतलंस, आणि माझ्याच इंटरनेटवरून माझीच तक्रार केलीस? लाज नाही वाटली?"

वरच्या जिन्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. कमलताईंना त्याचं भान नव्हतं. श्वास, डबी, तीन दहा, सगळं त्या मोठमोठ्याने बोलल्या. म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही आता ठाऊक झालं.

शैलाने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तक्रार मी केली नाही. कधी केली असती तर तुला सांगून केली असती."

"मग मंगळवारी तीनला तू एकटीच जागी का होतीस?"

"तू पेन्शनच्या कामाला सांगलीला गेली होतीस. तू बाहेर गेलीस की मी झोपत नाही. दार उघडं टाकून शिवत बसते. तुझं यंत्र बोंबललं आणि ऐकायला कुणी नसलं तर?" तिने सुई पदराला खोचली. "इतके दिवस बसते. तुझ्या पडद्यावर हे नाही दिसलं?"

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

कमलताई घरात आल्या. अरविंदराव पुढच्या खोलीत, दारालगतच्या पलंगावर डोळे मिटून पडले होते. त्या यंत्रापाशी गेल्या. शैला खोटं बोलते हे सिद्ध करायचं होतं त्यांना. ती शिवत बसली होती की फोनवर होती, हात हलले असतील तर रेघेत दिसेल. त्यांनी सात नंबरची रेघ मोठी केली. उजव्या हाताची लय, थांबणं, पुन्हा लय. सुई. पाऊण तास नुसती सुई. फोन हातात धरलेलाच नव्हता.

मग सात नंबरच्या डबीवर फोन आला कुणाचा?

आणि तेव्हा त्यांना स्वतःचाच वर्गातला आवाज ऐकू आला. पोरांनो, फोनला घर कळत नाही, ज्या डबीचा आवाज मोठा, तिला तो चिकटतो. मे महिन्यात वारा लागावा म्हणून पलंग त्यांनी स्वतः आतून दारापाशी ओढला होता. तिथून आपलं यंत्र दोन भिंतींपलीकडे. समोरची, उघड्या दारातली शैलाची डबी चार पावलांवर.

बारावं घर त्यांनी तपासलंच नव्हतं. स्वतःचं. त्या घरची रेघ वेगळ्या पडद्यावर होती. श्वास जास्त वेळ थांबला की तो पडदा लाल होऊन ओरडायचा, चालू असला की गप्प असायचा. घरी असल्या की त्या समोरची रेघ बघत बसायच्या; मागच्या दिवसाची उघडायची कधी गरजच पडली नव्हती. कमलताईंनी मंगळवार, दुपारचे तीन उघडले.

माणूस झोपलेला नव्हता. श्वास आखूड, तुटक, बोटं हलत असलेली. तीन दहाला तो अकरा सेकंद थांबला होता. आजारामुळे नव्हे. एखादं बटण दाबावं की दाबू नये, अशा वेळी माणूस धरतो तसा धरलेला. मग एक लांब उच्छ्वास. त्यानंतर तासभर गाढ झोप, गेल्या तीन महिन्यांतली सगळ्यात चांगली.

तांबोळी मॅडम खरंच बोलल्या होत्या. तक्रार त्यांच्याच घरातून आली होती.

"अहो," त्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही?"

अरविंदरावांनी डोळे उघडले. नाही म्हणाले नाहीत.

"माझ्याविरुद्ध? सरकारकडे? मी तीन महिने धड झोपले नाही हो तुमच्यासाठी!"

"माहीत आहे." ते थांबून थांबून बोलत होते. "म्हणूनच तुला बोलता येत नव्हतं काही. जुलैत आपला बाबू पवार गेला. स्टँडवरचा कंट्रोलर. तीस वर्षांचा दोस्त. फोनवर कळलं. मला... जरा रडायचं होतं. पहिला हुंदका आला आणि तू धावत आलीस. गोळी दिलीस, पाठ चोळलीस, डॉक्टरला फोन लावलास. रडू राहूनच गेलं. ते अजून तसंच आहे छातीत."

"मला काय माहीत तुम्ही रडताय!"

"तेच म्हणतोय. रेघ दिसते तुला. बाकी काही नाही. मी उसासा टाकला तरी तू दारात. शिंकलो तरी दारात. पट्टा नको म्हटलं, तर तू पट्टा अख्ख्या घरभर बांधलास."

"मला सांगायचं होतं!"

"सांगितलं. कितीदा सांगितलं. तू पडद्याकडे बघत 'हो हो' म्हणायचीस." त्यांना धाप लागली. कमलताईंचे हात आपोआप पुढे झाले, आणि त्यांनी ते मागे घेतले. "तुझ्यापुढे माझं चालत नाही, कमल. म्हटलं, कायद्यापुढे तुझं चालायचं नाही."

आता सांगा, रागवायचं तरी कुणावर? कमलताईंना हे सगळं पटत होतं, आणि तरीही आतून जळत होतं. तक्रारीचं एक वेळ सोडून देऊ. पण दुसरी एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती.

"मघाशी मी दारात शैलाला बोलले. दार उघडं होतं. तुम्ही इथे पडून सगळं ऐकलंत?"

"हो."

"जागे होतात?"

"जागाच होतो."

"आणि गप्प बसलात. मी तिला जिन्यात उभं करून तिची लाज काढली, तरी तुम्हाला एक हाक मारवली नाही? इतका आवाज होता तुमचा!"

अरविंदरावांनी तोंड भिंतीकडे केलं. "भीती वाटली," म्हणाले. "तुझी."

चाळीस वर्षांच्या संसारात कमलताईंना असं कुणी काही बोललं नव्हतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. रडून झाल्यावरही फसवल्याची ती भावना गेली नाही. ज्याच्यासाठी सगळ्या बिल्डिंगला फसवलं, त्यानेच आपल्याला फसवलं होतं.

गुरुवारी सकाळी त्या शैलाकडे गेल्या. शैलाने दार उघडलं. "या पाटणकर बाई," ती म्हणाली, "बसा." आणि तांब्या-भांडं ताटलीत ठेवून आणलं, पाहुण्यांना आणतात तसं. सव्वीस वर्षं या घरातलं पाणी कमलताई स्वतःच्या हाताने माठातून घेत आल्या होत्या. त्यांनी हात जोडले, चुकलं म्हणाल्या, कुणी केलं तेही सांगितलं. शैलाने मान हलवली. "बरं झालं कळलं ते," म्हणाली. पण समोर बसली नाही. मशीनवर एक ब्लाउज अर्धा होता, तो तिने पुरा करायला घेतला.

मग कमलताई घरोघर गेल्या. दहा दारं झाली. सात जणांनी तोंडावर दार लावलं, दोघींनी डबी हातात ठेवली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझा श्वास मोजायला कुणी आहे हे ऐकून बरं वाटलं. सही त्यांची एकट्याची मिळाली. कमलताईंनी त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन अकराही डब्यांचं मोजणं बंद केलं. इंटरनेट तेवढं ठेवलं. आता राहिलं स्वतःचं घर. नियमात तशी सोय होती: फक्त आपल्या घरापुरतं यंत्र, ज्याचा श्वास त्याची सही. शेजाऱ्यांचे वजा न करता रेघ खरखरीत आली असती, पण आली असती.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "यंत्र नसेल तर ॲडमिट करा. झोपेत थांबला तर कोण उठवणार?"

शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्या संमतीचा फॉर्म आणि पेन घेऊन पलंगाशी बसल्या. "डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंय तुम्हाला. आता मी विचारते. यंत्र चालू ठेवू?"

अरविंदरावांनी फॉर्म हातात घेतला आणि खालीवर बघितला. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आजारी पडल्यापासून तरी नाही.

"नको," ते म्हणाले. "आणि हॉस्पिटलही नको. इथेच झोपतो. उठलो तर उठलो."

"ठीक आहे."

कमलताई आत गेल्या. चार ओळी खोडल्या. कोपऱ्यातला पडदा काळा झाला. बाहेर येऊन त्यांनी पलंगावरची चादर नीट केली, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पावणेदोन वाजले होते. बिल्डिंग नेहमीप्रमाणे झोपली. पहिली दहा मिनिटं त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मग स्टुलावर बसल्या. पुढच्या खोलीतून काही ऐकू येत नव्हतं. आता थांबला असेल. आता तीस झाले असतील. आता चाळीस. उठावंसं वाटलं की त्या हात मांडीखाली दाबून धरत. एकदा दारापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. नाही म्हटलंय त्या माणसाने. विचारलं होतं आपण, आणि तो नाही म्हणाला. त्यांना संताप येत होता आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदमच. मध्येच वाटायचं, जाऊ दे, होऊ दे काय व्हायचं ते, माझ्यावर विश्वास नाही ना, मग मरा एकटे. आणि लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची.

साडेतीनला पुढच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला.

कमलताईंनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. मग चहाचं आधण ठेवलं. साखर थोडी बाहेर सांडली. त्यांनी ती पुसली, चहा गाळला आणि कप घेऊन बाहेर आल्या.

अरविंदराव उशीला टेकून बसले होते. डोळे सुजलेले, गालांवर ओलं. रडून झालेलं दिसत होतं, आणि चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा होता. त्यांनी कप घेतला आणि जरासे हसले.

"किती वेळा डोकावून गेलीस?"

"एकदाही नाही," कमलताई म्हणाल्या.

ते खरं होतं, आणि अरविंदरावांना ते खरं असल्याचं कळलं. एकदा तरी डोकावली असेल, असं त्यांनी धरलं होतं; चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"बरं," ते म्हणाले.

खाली फाटकाशी तांबोळी मॅडमची रिक्षा येऊन थांबली. कमलताई दार उघडायला गेल्या.